एक्स-रे खोलीतून विद्यापीठात : ब्रिटनमधील रेडिओग्राफरच्या शिक्षणाचा इतिहास

ब्रिटनमध्ये डायग्नोस्टिक रेडिओग्राफर, म्हणजे निदानासाठी एक्स-रेसारखी चित्रे घेणारा तंत्रज्ञ, व्हायचे तर आज विद्यापीठाची पदवी लागते. या व्यवसायातली पहिली पिढी मात्र हे काम कुठेच शिकलेली नव्हती, कारण ते शिकवणारेच कोणी नव्हते. विल्हेल्म राँटजेन यांना 8 नोव्हेंबर 1895 रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे क्ष-किरणांचा शोध लागला. काही आठवड्यांतच बर्मिंगहॅमचे डॉक्टर जॉन हॉल-एडवर्ड्स हे रुग्णांवर त्यांचा उपयोग करू लागले. 1896 मध्येच ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत जॉन मॅकिन्टायर यांनी एक्स-रे विभाग उघडला. जगातल्या अगदी पहिल्या विभागांत त्याची गणना होते. इतर रुग्णालयांनीही यंत्रे घेतली. ती चालवायला जो हाताशी असेल तो उभा राहिला : कुठे छायाचित्रकार, कुठे वीजकाम जाणणारा कारागीर, कुठे परिचारिका, तर कुठे औषधे देणारा कर्मचारी.

त्या काळची क्ष-किरण सोडणारी नळी लहरी होती. तिच्यात थोडासा वायू उरलेला असे आणि वापरागणिक त्याचे प्रमाण बदले. त्यामुळे काल ज्या मांडणीने काचेवर चांगले चित्र उमटले, तिनेच आज उमटेल याची खात्री नसे. किरण आज किती भेदक आहेत हे पाहायला चालवणारा माणूस आपलाच पंजा नळी आणि चमकणारा पडदा यांच्यामध्ये धरी. हाडे मांसापासून स्पष्ट वेगळी दिसली की नळी कामाला योग्य. ही तपासणी दिवसातून अनेकदा होई. कातडी लाल पडे, मग जाड होऊन भेगाळे, न भरणाऱ्या जखमा होत आणि काहींना पुढे कर्करोग होई. हॉल-एडवर्ड्स यांचा डावा हात 1908 मध्ये कापावा लागला. किरणांमुळे प्राण गमावलेल्यांचे स्मारक 1936 मध्ये हॅम्बुर्गला उभे राहिले, तेव्हा त्यावर निरनिराळ्या देशांतील 169 नावे होती. या कामाला शिक्षण हवे हे इतक्या मोठ्या किमतीनंतर पटले, ही गोष्ट आजही अस्वस्थ करते.

युद्धांनी यंत्रे दूरवर नेली. 1898 च्या सुदान मोहिमेत मेजर बॅटर्सबी यांनी दोघांनी चालवायच्या सायकलला डायनॅमो जोडून बॅटऱ्या भारल्या आणि वाळवंटात सैनिकांच्या शरीरातल्या गोळ्या शोधल्या. पहिल्या महायुद्धात ही गरज अफाट वाढली. फ्रान्समध्ये मारी क्युरी यांनी फिरत्या एक्स-रे गाड्या उभारल्या आणि सुमारे दीडशे स्त्रियांना यंत्र चालवायला शिकवले. युद्ध संपताना ब्रिटनमध्येही सैन्याने घाईघाईत तयार केलेले पुष्कळ यंत्रचालक होते. त्यांच्यातला जाणकार कोण आणि नवशिका कोण, हे सांगणारे प्रमाणपत्र मात्र नव्हते.

ती उणीव भरून काढायला 1920 मध्ये ‘सोसायटी ऑफ रेडिओग्राफर्स’ स्थापन झाली. तिच्या स्थापनेत डॉक्टरांबरोबर विद्युत अभियंत्यांचाही हात होता. परीक्षा सुरू झाल्या आणि उत्तीर्ण होणाऱ्याला नावापुढे ‘एमएसआर’ (संस्थेचा सदस्य) लावता येऊ लागले. पण लगेच वाद उभा राहिला. चित्र काढणाऱ्याने त्यात काय दिसते हे सांगावे का? रेडिओलॉजीत पदविका घेतलेल्या डॉक्टरांचा, म्हणजे रेडिओलॉजिस्टांचा, याला सक्त विरोध होता. अखेर 1920 च्या दशकाच्या मध्यावर संस्थेने आपल्या नियमांतच तरतूद केली, की डॉक्टरच्या सांगण्यावाचून सदस्याने रुग्ण घेऊ नये आणि चित्राचे निदान करू नये. या तडजोडीने संस्थेला मान्यता मिळाली; रेडिओग्राफरच्या तोंडाला मात्र कित्येक दशके कुलूप बसले.

यापुढे शिक्षण रुग्णालयांच्या शाळांत होऊ लागले. शरीररचना, भौतिकशास्त्र, डार्करूममधले रसायन आणि प्रत्यक्ष कामाचे तास. या शिक्षणात सर्वांत मोलाचा भाग होता रुग्णाला नेमके कसे ठेवायचे, हा. कॅथलीन क्लार्क यांचे ‘पोझिशनिंग इन रेडिओग्राफी’ हे पुस्तक 1939 मध्ये निघाले, त्याच्या नव्या आवृत्त्या अजून निघतात. या कौशल्यात किती बुद्धी लागते हे मनगटावरून कळते. तळहातावर पडलेल्या माणसाचे स्कॅफॉइड हे छोटे हाड मोडू शकते. समोरून घेतलेल्या साध्या चित्रात ते तिरके, आखूड दिसते आणि बारीक भेग लपते. मनगट करंगळीच्या बाजूला वळवले की हाड लांब पसरते आणि भेग दिसण्याची शक्यता वाढते. ते वळवताना दुखणाऱ्या माणसाला धीर द्यायचा, त्याला हलू द्यायचे नाही आणि शक्यतो दुसऱ्यांदा किरण द्यावे लागू नयेत हे पाहायचे. याला केवळ बटण दाबणे म्हणणाऱ्यांनी हे काम जवळून पाहिलेले नसावे.

1960 च्या कायद्याने वैद्यकपूरक व्यवसायांची सरकारी नोंदणी सुरू झाली आणि रेडिओग्राफर त्यात आले. पुढे एमएसआरची जागा तीन वर्षांच्या ‘डीसीआर’ पदविकेने घेतली. दरम्यान तंत्रच पालटत होते. ग्लासगोत इयन डोनल्ड यांनी ध्वनिलहरींनी गर्भाशय तपासल्याचे संशोधन 1958 मध्ये प्रसिद्ध केले. 1 ऑक्टोबर 1971 रोजी विम्बल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हौन्सफील्ड यांच्या यंत्राने रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला. पाठोपाठ एमआरआय आले. रुग्णालयातल्या शाळेच्या अभ्यासक्रमात हे सारे मावणे कठीण झाले.

त्याच 1971 साली के. स्विनबर्न या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून सुचवले, की रेडिओग्राफरने चित्रे पाहून नेहमीची आणि वेगळी अशी विभागणी करावी. बंद दाराची फट तिथे उघडली. 1980 च्या दशकात अपघात विभागांत लाल ठिपक्याची पद्धत आली : फिल्ममध्ये काही खटकले तर रेडिओग्राफर तिच्यावर लाल ठिपका चिकटवी आणि रात्रपाळीचा तरुण डॉक्टर ती दुसऱ्यांदा निरखून पाही. शब्द एकही लिहायचा नाही, पण मत दिले जाई. रेडिओलॉजिस्टांची संख्या कामाच्या मानाने अपुरी असल्याने ही मुभा पुढे वाढतच गेली.

पदवीची मागणी याच काळात पक्की झाली. 1980 च्या दशकाच्या अखेरीस पहिले पदवी अभ्यासक्रम निघाले, 1992 मध्ये पॉलिटेक्निकांना विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि 1990 च्या दशकात रुग्णालयांच्या शाळा विद्यापीठांत विलीन झाल्या. काही जुन्या जाणत्यांना भीती वाटे, की वर्गात शिकलेली मुले रुग्णाला हात लावायला बिचकतील. म्हणूनच पदवीचा मोठा हिस्सा आजही रुग्णालयातच जातो. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये हा अभ्यासक्रम साधारणतः तीन वर्षांचा, तर स्कॉटलंडमध्ये चार वर्षांचा असतो. पदवीनंतर ‘हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल’कडे नोंदणी केल्याशिवाय रेडिओग्राफर म्हणवून घेता येत नाही, ते नाव कायद्याने राखीव आहे.

शिक्षणाचा खर्च हा अलीकडचा कळीचा प्रश्न. इंग्लंडमध्ये 2017 पासून नव्या विद्यार्थ्यांचे सरकारी विद्यावेतन बंद होऊन त्यांना शिक्षणकर्ज घ्यावे लागू लागले. 2020 पासून वर्षाला किमान 5,000 पौंडांचे अनुदान सुरू झाले, पण शुल्काचा भार कायम राहिला. नोकरीत आल्यावर वाटा फुटतात : सीटी, एमआरआय, स्तनांची मॅमोग्राफी, अल्ट्रासाउंड. हाडांच्या किंवा छातीच्या चित्रांचे अहवाल लिहायचे असतील तर पदव्युत्तर अभ्यासक्रम करावा लागतो. तो पूर्ण करणारा रेडिओग्राफर अहवालाखाली स्वतःच्या नावाने सही करतो आणि त्यावरून रुग्णाचे उपचार ठरतात. काही जण पुढे सल्लागार रेडिओग्राफरच्या पदापर्यंत पोचतात.