केट स्मिथचे अठरा तास : आवाजावर विश्वास का बसतो?

१९३०-४०च्या दशकांत अमेरिकन रेडिओवर गाणी, विनोद, नाटुकली आणि गप्पा एकाच तासात देणारे कार्यक्रम घरोघरी ऐकले जात. गायिका केट स्मिथ ही त्यातली मोठी असामी. अ‍ॅबट आणि कॉस्टेलो ही विनोदी जोडी १९३८मध्ये देशभर पोचली ती तिच्याच कार्यक्रमातून. आयर्विंग बर्लिनचं ‘गॉड ब्लेस अमेरिका’ त्याच वर्षी तिनं रेडिओवर पहिल्यांदा गायलं. पण आज आम्हाला बोलायचंय ते लोकांनी तिच्यावर टाकलेल्या विश्वासाविषयी.

२१ सप्टेंबर १९४३. महायुद्ध चालू होतं, सरकारला पैसा हवा होता. सीबीएसवर सकाळी ८ पासून रात्री २ पर्यंत केट पुन्हा पुन्हा माइकवर यायची, थोडंसं बोलायची आणि एकच मागणं करायची : युद्धरोखे घ्या. त्या एका दिवसात सुमारे ३ कोटी ९० लाख डॉलरच्या रोख्यांची नोंदणी झाली.

हे घडलं कसं? समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी श्रोत्यांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. त्यातून १९४६ साली ‘मास पर्स्वेजन’ हे पुस्तक आलं. श्रोत्यांना ती मनापासून बोलतेय असं वाटलं होतं. पुरावा काय? तिचे कष्ट. ती आपल्यासाठी दिवसभर राबतेय, मग आपणही काही सोडायला नको का? मर्टन म्हणतात, जो तो काहीतरी गळ्यात मारायला बघतो अशा समाजात माणसं खऱ्या माणसासाठी आसुसलेली असतात. गंमत अशी, की केटचा नेहमीचा कार्यक्रमही जनरल फूड्स कंपनीच्या पैशावर चालत असे.

इथे आपल्याला न्यायदर्शन उपयोगी पडतं. आप्ताचं वचन प्रमाण मानावं. पण आप्त कोण? वात्स्यायन दोन अटी घालतो : त्याला वस्तू जशी आहे तशी ठाऊक हवी, आणि ती तशीच सांगायची इच्छा हवी. श्रोत्यांनी आवाजातून दुसरी अट तपासली. पहिली तपासायची राहूनच गेली.

रोख्यांचं काम वाईट होतं असं आम्ही म्हणत नाही. पण विश्वास मिळवायची ही रीत कुठल्याही कामाला जुंपता येते. म्हणून आवाज मनाला भिडला की एवढंच विचारावं : हा माणूस मनापासून बोलतोय, हे मान्य, पण याला हे ठाऊक आहे का?