मिठाची वाट आणि धान्याची आगगाडी

आगरवाडा या नावातच आगर आहे. पेडण्याच्या खाडीकाठचे मीठ बैलांच्या पाठीवर घाट चढायचे आणि त्याच बैलांवर वरचे धान्य खाली उतरायचे. रामघाटाने किंवा चोर्ल्याने येणारे लमाणांचे तांडे रिकाम्या पाठीने परतत नसत. डिचोली तालुक्यातील कुडणे येथे जैन बसदीचे अवशेष आहेत. लोक त्यांना ‘गुजीर’ म्हणतात आणि हे नाव गुजराती व्यापाऱ्यांशी जोडले जाते. मी जैन, त्यामुळे ही जोडणी मला आवडते, एवढेच.

ही वाट मोडली ती २६ डिसेंबर १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर. करारात दोन कलमे महत्त्वाची होती. गोव्याच्या मिठावर इंग्रजांचे नियंत्रण आले, आणि मुरगाव बंदरापासून घाटमाथ्यापर्यंत रेल्वे बांधायचे ठरले. काळही ध्यानात घ्यावा. १८७६ ते १८७८ या काळात दख्खन आणि कर्नाटकात भीषण दुष्काळ पडला होता. दुष्काळात धान्य हवे असते नेमके तेव्हाच बैल चालत नाही, कारण वाटेवर चारा नसतो, पाणी नसते. आगगाडीला चारा लागत नाही. १८८० च्या दुष्काळ आयोगाने रेल्वेवर भर दिला तो म्हणूनच. पुढे ‘सदर्न मराठा रेल्वे’ धारवाड-बेळगाव भागात आली ती दुष्काळनिवारक मार्ग म्हणून. तिचे टोक कॅसलरॉकला मुरगावच्या रेल्वेला मिळाले आणि १८८८ मध्ये गाडी घाटाच्या वरखाली धावू लागली.

पैसे कोणी दिले? भांडवल इंग्लंडमधील कंपनीचे, पण त्यावरील व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारची. करारातील सवलतींच्या बदल्यात इंग्रज वर्षाला ४ लाख रुपये देत, ते या हमीसाठीच गहाण पडले. थोडक्यात, आगरवाड्याच्या मिठाचा मोबदला रेल्वेच्या रुळांत गेला, आणि रूळ मात्र वास्को, मडगाव, सांवर्डे, कुळे असे दक्षिणेकडून गेले. पेडणे आणि डिचोलीला त्यातले काहीच आले नाही. करार १८९२ मध्ये संपला, पण तोवर बेळगावचा माल रुळांवर गेला होता. आपल्या शेजारचे वेंगुर्ला बंदरही त्याच फेऱ्यात मागे पडले.

रेल्वेचेही फारसे भले झाले नाही. घाटातला चढ ३७ ला १. पुढे पुण्याकडून लोंढ्यापर्यंत रूळ येऊन मिळाले, आणि माल मुंबईकडे ओढला गेला. धान्य पोत्यांतून येई, स्थानकावर हमालांच्या पाठीवर उतरे, तिथून गाडीवाटेने आणि होडीतून उत्तरेला येई. सुटे धान्य डब्यात ओतून न्यायची सोय व्हायला दोन्ही टोकांना कोठारे लागतात, ती इथे नव्हती. गंमत अशी की डिचोलीचे खनिज मात्र पहिल्यापासून सुटेच निघाले.

ऑगस्ट १९५५ मध्ये सत्याग्रहानंतर भारताने ही रेल्वे वाहतूक बंद केली. तांदूळ मुरगावला बोटीने येऊ लागला, तोही पाकिस्तानातून. बटाटे हॉलंडचे. ज्या बंदरात आपले खनिज जपानकडे रवाना होत होते, तिथेच आपल्या ताटातला भात उतरत होता. नाकेबंदीचे दिवस आठवणारे लोक याबद्दल दोन तऱ्हेने बोलतात. कोणी म्हणतो, काही कमी पडले नाही. कोणी आठवतो ती महागाई. मला दोन्ही खरे वाटते. ज्याच्या घरी पेजेपुरते उकडे तांदूळ होते त्याला बंदराशी देणेघेणे नव्हते. सुपीक खाजण राखणाऱ्या गावांत कोरगुटाचे भात होतेच.

मुक्तीनंतर रूळ पुन्हा जोडले गेले, तरी उत्तर गोव्याचे अंतर तेवढेच राहिले. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीचा पूल कोसळला, तेव्हा ते अंतर ट्रकवाल्यांनी फेरीच्या रांगांत मोजले. पेडण्याला रेल्वे आली ती कोकण रेल्वेची, १९९८ मध्ये, तीही मऊ मातीतला दीड किलोमीटरचा बोगदा खोदताना अनेक कामगारांचे प्राण घेऊन. पुढच्याच वर्षी कोलाड ते वेर्णे अशी ट्रक वाहून नेणारी रेल्वेसेवा सुरू झाली. आता माल भरलेला ट्रकच गाडीवर बसून पेडण्यावरून जातो, आणि वेर्ण्याला उतरतो. डिचोली शहरात अजूनही रूळ नाहीत. तिथले धान्य रस्त्यानेच येते.