रंग उडालेले जग : फिट्झ ह्यू लडलोने हशीश कशी सोडली?

१/१०
व्यसनाचा इतिहास सांगताना ते लागले कसे, याची चर्चा पुष्कळ होते. ते सुटल्यावर दिवस कसे गेले, याची फार थोडी. भांग-गांजाच्या कैफाची वर्णने अनेक भाषांत आहेत. कैफ सोडल्यानंतरच्या आयुष्याची सविस्तर नोंद मात्र विशीतल्या एका अमेरिकन तरुणाने १८५७ मध्ये केली. आजचा धागा त्याच्याविषयी.

२/१०
या कथेचा उगम आपल्याकडचा आहे. कलकत्ता मेडिकल कॉलेजातील डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी धनुर्वात, पटकी, संधिवात अशा रोगांवर गांजाचा अर्क वापरून पाहिला आणि १८३९ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. पुढे हे औषध इंग्लंडला आणि तेथून अमेरिकेतील औषधांच्या दुकानांत पोहोचले.

३/१०
न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी या गावी अशाच एका दुकानात एक मुलगा तासन्‌तास रमत असे. फिट्झ ह्यू लडलो, जन्म १८३६. वडील धर्मोपदेशक आणि गुलामगिरीचे कडवे विरोधक. दुकानात धनुर्वातावरील औषध म्हणून ठेवलेला टिल्डन कंपनीचा गांजाचा अर्क त्याला अवघ्या सहा सेंटांत मिळाला. त्यास आडकाठी करणारा कायदाही नव्हता.

४/१०
पहिल्या मात्रांनी काहीच घडले नाही, म्हणून त्याने मात्रा वाढवत नेली. मग एके दिवशी काळ आणि अंतर दोन्ही अफाट ताणले गेल्याचा अनुभव आला. त्यात आनंद होता तशी भीतीही होती. हळूहळू प्रयोगाची सवय झाली आणि एका कैफाचा शेवट दुसऱ्याच्या आरंभाला जाऊन भिडू लागला.

५/१०
१८५६ मध्ये युनियन कॉलेजातून पदवी घेऊन तो वॉटरटाउन येथे शिक्षक झाला. हशीश सोडण्याचा निर्धार याच सुमारास झाला. डॉक्टरांनी त्याला आपला अनुभव लिहून काढण्यास सुचवले. ‘द हशीश ईटर’ हे पुस्तक असे उपचाराचा भाग म्हणून जन्माला आले. १८५७ मध्ये ते निनावी प्रसिद्ध झाले, तेव्हा लेखक जेमतेम एकवीस वर्षांचा होता.

६/१०
पुस्तकातील सर्वांत मोलाचा भाग शेवटचा आहे. लडलोची मुख्य तक्रार शारीरिक वेदनांची नाही. त्याला छळतो तो जगाचा फिकेपणा. तेच रस्ते, तीच माणसे, तेच काम. पण सारे बेचव. झोपेत मात्र जुनी दृश्ये परत येत. आधारासाठी त्याने तंबाखू धरली आणि ती तासभर लांबली तरी हशीशची ओढ असह्य होई. एक सवय सोडताना दुसरी जडली.

७/१०
हे सारे शब्दशः खरे मानावे काय? सावध राहिलेले बरे. लडलोवर डी क्विन्सीच्या अफूविषयक आत्मकथनाची दाट छाया आहे आणि त्याला अलंकारांचा सोस आहे. तथापि अस्वस्थता, झोपेचा बिघाड, विचित्र स्वप्ने ही गांजा सोडतानाची लक्षणे आज वैद्यकशास्त्रास मान्य आहेत. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत त्यांना स्वतंत्र स्थान मिळाले.

८/१०
पुढची कथा सुखांताची नाही. लडलोने हशीश सोडली, पण नंतर अफूने त्याला गाठले. १८६७ मध्ये त्याने ‘हार्पर्स’ मासिकात अफूग्रस्तांविषयी लेख लिहिला. व्यसनी माणसाला पापी न ठरवता रोगी समजून उपचार द्यावेत, हा त्याचा आग्रह होता. स्वतः झुंजत असतानाच तो इतरांना मदत करीत राहिला. १८७० मध्ये जिनिव्हा येथे त्याचे निधन झाले. वय अवघे ३४.

९/१०
भारतात हा प्रश्न सरकारी कागदांवर आला तो १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनमुळे. अहमदनगर जिल्ह्यातील गांजाची शेतीही त्याच्या कक्षेत होती. ११९३ साक्षीदारांना पाठवलेल्या प्रश्नावलीत दोन प्रश्न असे होते : ही सवय मोडणे कठीण असते काय? आणि ती सोडावी लागली तर कोणत्या वर्गाला ते जाचक वाटेल? आयोगाने सरसकट बंदीऐवजी नियंत्रण व करआकारणी सुचवली. परंतु साक्षीदारांत अधिकारी आणि डॉक्टर यांचाच भरणा मोठा होता. उत्तर बहुधा दुसऱ्याच्या सवयीविषयी असे.

१०/१०
म्हणून लडलोचे पुस्तक महत्त्वाचे. आयोगाच्या खंडांत सवयीची मोजदाद आहे. लडलोच्या पानांत ती सोडणाऱ्याची सकाळ आहे. सोडण्याचा निर्णय एका दिवसाचा असतो, फिक्या जगाची पुन्हा सवय होण्यास मात्र फार काळ लागतो, हे त्याने एकविसाव्या वर्षी लिहून ठेवले. आपल्या ओळखीचे कुणी आज त्या काळातून जात असेल, तर त्याच्या चिडचिडीकडे आणि उदासीकडे पाहताना एवढे ध्यानात ठेवावे.