कोहा : एका लहान ग्रंथालयाचा आहेर

न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या भाषेत ‘कोहा’ असा एक शब्द आहे. पाहुणा दुसऱ्यांकडे जातो तेव्हा रिकाम्या हाताने जात नाही. तो जे नेतो तो कोहा. आज त्याने आणले, उद्या आपण न्यायचे, असा त्यातला भाव. दिवाळीच्या फराळाचे ताट शेजारघरून रिकामे परत येत नाही, तसेच हे. हेच नाव देऊन एका ग्रंथालयाने जगाला जी भेट दिली, तिची ही हकीकत.

लेविन, फॉक्सटन, शॅनन ही त्या देशाच्या उत्तर बेटावरील लहान गावे. तेथील ग्रंथालये होरोफेनुआ लायब्ररी ट्रस्ट चालवीत असे. १९९९ साली या ट्रस्टपुढे मोठा पेच पडला. जुन्या संगणकांत सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहिण्याची काटकसर असे. २००० उजाडताच यंत्र ते १९०० समजले, तर पुस्तकांच्या देवघेवीचा हिशेब कसा लागायचा? त्यांची जुनी प्रणाली नव्या सालात टिकणारी नव्हती, आणि बाजारातील नवी प्रणाली ऐपतीबाहेरची.

तेव्हा ट्रस्टने वेलिंग्टनच्या काटिपो नावाच्या लहानशा कंपनीला हाताशी धरले. या मंडळींनी साध्या वेब ब्राउझरवर चालणारी प्रणाली रचली. शाखा साध्या टेलिफोनच्या तारेने जोडता येऊ लागल्या. ३ जानेवारी २००० रोजी कोहा कामाला लागली.

खरी गोष्ट येथून पुढे आहे. ही प्रणाली विकता आली असती. पण ट्रस्टने व कंपनीने ती मुक्त परवान्याखाली सर्वांना देऊन टाकली. कोणीही वापरावी, उघडून पाहावी, बदलावी, पुढे द्यावी. अट एकच, की बदललेली प्रत दुसऱ्याला देताना हीच मोकळीक त्यालाही द्यायची. यात उदारपणाइतकाच व्यवहारही होता. एकट्याने सांभाळलेली वस्तू एकट्यालाच जड होते. दहा जणांनी हात लावला, की तिची देखभाल आपोआप वाटली जाते.

आणि ताट खरोखरच भरून परत आले! जगभरची ग्रंथालये ‘मार्क’ नावाच्या ठरीव पद्धतीने पुस्तकांच्या नोंदी ठेवतात. त्यामुळे एका ग्रंथपालाने केलेली नोंद दुसऱ्याला जशीच्या तशी उचलता येते. पहिल्या कोहात ही सोय नव्हती. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या नेल्सनव्हिलच्या सार्वजनिक ग्रंथालयाने पदरचे पैसे घालून ती करवून घेतली, आणि ती लाभली सर्वांनाच. आज भारतातही कित्येक महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत कोहाच चालते.

परंतु दात्याची परीक्षाही झाली. पुढे एका अमेरिकन कंपनीने न्यूझीलंडमध्येच ‘कोहा’ हे नाव स्वतःच्या व्यापारचिन्हाखाली नोंदवू पाहिले. प्रणाली मुक्त होती, ती कोणाला हिरावता येत नव्हती. नाव मात्र जाऊ शकत होते. ज्यांनी भेट दिली, त्यांनाच तिचे नाव वापरण्याची चोरी व्हायची! २०११ साली त्या लहान ग्रंथालयाने लढ्याच्या खर्चासाठी लोकांना मदतीची हाक दिली, आणि जगभरच्या कोहा वापरणाऱ्यांनी ती ऐकली. डिसेंबर २०१३ मध्ये निकाल लागला. कंपनीचा अर्ज फेटाळला गेला.

दानपत्राचा कागद वस्तूचे रक्षण करतो. नावाचे रक्षण मात्र घेणाऱ्यांनाच करावे लागते. येथे त्यांनी ते केले.