नऊ गुणांचा हंगाम



व्याख्यानमालेत आपण बहुधा जिंकलेल्यांचा इतिहास ऐकतो. आज मी एका हरलेल्या संघाची हकीकत सांगणार आहे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्यांच्या दारावरच्या सभांत झाले. तेव्हा फुटबॉलच्या डावपेचांवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण खेळामागे मजुरी असते, सुट्टी असते आणि वर्गणी असते. या तीन गोष्टी मला थोड्याफार कळतात.

इंग्लंडात लँकेशायर परगण्यात डार्वेन नावाचे गाव आहे. व्हिक्टोरिया राणीच्या अखेरच्या काळात वस्ती तीस-चाळीस हजारांची, आणि धंदा एकच, कापसाचा. तेथल्या एका मोठ्या गिरणीचे नावच ‘इंडिया मिल’. तिची सुमारे 300 फूट उंचीची चिमणी गावावर उभी होती आणि आजही उभी आहे. लँकेशायरच्या कापडाचे मोठे गिऱ्हाईक कोण होते, ते या नावातच आले.

अशा गावात फुटबॉल आला कसा? याचे पहिले उत्तर कायद्यात आहे. 1850 च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांत बायका आणि अल्पवयीन कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबवले. त्यांच्यावाचून साचे चालत नसत, म्हणून पुरुषांनाही ती अर्धी सुट्टी मिळाली. खेळाला मोकळा वेळ लागतो आणि गरिबाला तो कोणी आपणहून देत नाही. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून आठवड्याची एक सुट्टी मागितली. ती प्रत्यक्षात मिळाली 10 जून 1890 रोजी. म्हणजे डार्वेनचा विणकर शनिवारी चेंडूमागे धावू लागला, तेव्हा त्याच धंद्यातल्या आपल्या माणसाला अजून रविवारही आपला म्हणता येत नव्हता.

डार्वेनचे नाव प्रथम देशभर गाजले ते 1879 साली. एफ. ए. कपच्या उपांत्यपूर्व सामन्यात त्यांची गाठ ओल्ड एटोनियन्सशी, म्हणजे ईटनच्या श्रीमंत शाळेतून बाहेर पडलेल्या सद्गृहस्थांशी पडली. सामना लंडनच्या ओव्हल मैदानावर होता, गावापासून सुमारे दोनशे मैलांवर. पाहुणे पाच विरुद्ध एक असे मागे पडले होते. अखेरच्या पाव तासात त्यांनी चार गोल चढवून बरोबरी साधली. जादा वेळ खेळू या, असे त्यांनी म्हटले, पण एटोनियन्सनी नकार दिला. नियम असा की सामना पुन्हा लंडनमध्येच व्हायचा. गावाने वर्गणी काढली आणि मंडळी परत गेली. दुसऱ्यांदा दोन-दोन अशी बरोबरी झाली. तिसऱ्यांदा एटोनियन्स सहा विरुद्ध दोन असे जिंकले आणि पुढे त्यांनी तो कपही नेला. महिन्याभरात तीनदा लंडन! सद्गृहस्थांचा त्यात फार तर वेळ गेला. मजुराचा खाडाही झाला.

आता एक गोष्ट लपवून चालणार नाही. त्या डार्वेन संघात फर्गस सूटर आणि जेम्स लव्ह असे दोन स्कॉटिश खेळाडू होते. सूटर हा पेशाने पाथरवट. खेळण्याबद्दल पैसे घेणे तेव्हा नियमबाह्य होते, पण हे दोघे केवळ हवापालटासाठी आले नव्हते, हे सर्वांना ठाऊक होते. इतिहासात त्यांची गणना पहिल्या व्यावसायिक खेळाडूंत होते. पुढे 1880 साली सूटर शेजारच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे गेला. डार्वेनकरांना राग आला. परंतु ज्या वाटेने तो आला, त्याच वाटेने तो गेला. 1885 साली व्यावसायिकतेला उघड मान्यता मिळाली आणि 1888 साली बारा क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली. आता चांगला खेळाडू मोठ्या गावाकडे जाणार हे ठरून गेले. मैदानाच्या दारावर जमणारा पैसा मुख्यतः यजमान क्लबाचा असे. मोठे गाव म्हणजे मोठी गर्दी, मोठी गर्दी म्हणजे चांगला संघ, आणि चांगला संघ म्हणजे आणखी गर्दी. डार्वेनपासून काही मैलांवरच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सने 1884 ते 1891 या काळात पाच वेळा कप जिंकला. शेजारी असा चुंबक असल्यावर छोट्या गावाने काय करावे?

1891 साली डार्वेनला लीगमध्ये जागा मिळाली. पहिल्याच हंगामात 26 सामन्यांत 112 गोल अंगावर आले आणि संघ तळाला गेला. पुढे दुसऱ्या वर्गातून एकदा वर चढून परत खाली आला. आणि मग 1898-99 चा हंगाम उजाडला.

त्या हंगामाचे आकडे असे: सामने 34, विजय दोन, बरोबरी पाच, पराभव 27. केलेले गोल 22, खाल्लेले 141. गुण नऊ. लागोपाठ 18 सामने ते हरले. मँचेस्टर सिटी, वॉल्सॉल आणि लफबरो या तिघांनी त्यांना प्रत्येकी दहा विरुद्ध शून्य असे हरवले. सिटीचे एक वेळ समजू शकते. त्या वर्षी दुसऱ्या वर्गात पहिला नंबर त्यांचा होता, आणि कोळशाच्या खाणीतून आलेला बिली मेरेडिथ त्यांच्याकडून खेळत होता. पण लफबरो हा डार्वेनसारखाच गरीब क्लब! पुढच्याच हंगामात लफबरोची पाळी आली. वुलिच आर्सेनलने त्यांना बारा विरुद्ध शून्य असे हरवले आणि वर्षअखेर ते आठ गुणांवर थांबले. तळाचा माणूस तळाच्याच दुसऱ्यावर हात उगारतो आणि वरच्याला त्याची झळ लागत नाही, हे दृश्य कामगार चळवळीत मी पुष्कळदा पाहिले आहे.

कोणी विचारील, या फजितीत सांगण्यासारखे काय? मला एक गोष्ट मोलाची वाटते. 34 सामने ठरले होते आणि डार्वेन 34 खेळले. अठरावा पराभव पदरी घेण्यासाठी आधी अठराव्यांदा मैदानात उतरावे लागते.

येथे थोडे घरचे सांगतो. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईचा गिरणीसंप सुरू झाला, तेव्हा माझे वडील साचेखात्यात होते. माझी शाळा सुटली ती त्या संपात. संप कधी संपला याची तारीख आमच्या घरात कोणाला सांगता येत नाही, कारण तो जिंकलाही नाही आणि रीतसर मागेही घेतला गेला नाही. पण वडील सभेला जायचे थांबले नाहीत. लहानपणी मला त्यांचा राग येई. हरणार हे दिसत असताना माणूस जातो कशाला? पुढे संघटनेत पडल्यावर उत्तर सापडले, पण ते अर्धेच होते. हजेरी लावणे हा माणसाचा मोठेपणा खरा. मात्र नुसत्या निष्ठेवर गुणतक्ता फिरत नाही. पैसा आणि गडी वाटण्याची रीतच एकीकडे झुकलेली असेल, तर ती रीत बदलावी लागते, आणि ते एकट्या गावाचे काम नव्हे.

खेळाडूंना हे उमगत होते. 1898 साली त्यांनी युनियन काढली, ती टिकली नाही. 1907 साली मँचेस्टरात पुन्हा काढली. तिच्या पुढाऱ्यांत तोच मेरेडिथ होता. 1901 साली खेळाडूच्या पगारावर बसवलेली कमाल मर्यादा उठायला मात्र 1961 साल उजाडावे लागले. तिचा लाभ मेरेडिथला मिळाला नाही.

डार्वेनने 1899 नंतर लीग सोडली आणि ते लँकेशायरमधल्या स्थानिक सामन्यांकडे वळले. क्लब मेला मात्र नाही. तो 2009 पर्यंत चालला, आणि बुडाल्यावर गावाने नव्या नावाने पुन्हा उभा केला. 1931 च्या सप्टेंबरात गांधीजी याच गावी गेले होते. आपल्या बहिष्काराची झळ लागून जे बेकार झाले होते, त्यांना ते भेटले. गिरणीतल्या बायकांनी त्यांचे हसतमुखाने स्वागत केले, ते छायाचित्र आपण पाहिले असेल. हरणे म्हणजे काय हे त्या गावाला ठाऊक होते. म्हणूनच समोरच्याचे दुःख त्याला ओळखता आले असावे, असे मला वाटते.

श्रोतेहो, उद्याच्या वर्तमानपत्रात गुणतक्ता आला की तळाचे नावही वाचावे, आणि ते तळाला का आहे हे विचारावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.