जपानचं तिकीट काढण्याआधी तीन तारखा: १८७२, १९६४, १९८७

आजचा विषय तुमच्याच मेसेजेसमधून आलाय. "पहिल्यांदा जपानला जायचंय, हातात पाचच दिवस आहेत, सगळं ट्रेनने फिरायचंय. रेल पास घ्यावा का?" हा प्रश्न माझ्याही जवळचा आहे, कारण मी सध्या हेच प्लॅनिंग करतोय. बाबांबरोबर. बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेत आणि त्यांची अट एकच आहे: "देवळं एक-दोन दाखव, गाड्या मात्र सगळ्या दाखव."

आता जपानच्या रेल्वेचा नकाशा उघडला की पहिल्यांदा डोकं गरगरतंच. एका देशात इतक्या रेल्वे कंपन्या कशासाठी? ओसाकाला जायचं तर गाडी 'शिन-ओसाका'ला का थांबते? एका शहरात टॅप केलेलं कार्ड दुसऱ्या शहरात का अडकतं? मी सॉफ्टवेअरवाला. जुना कोड कळला नाही की आम्ही त्याचा इतिहास उघडून बघतो, की हा बदल कधी झाला आणि का झाला. जपानच्या रेल्वेलाही तेच लागू होतं. तीन तारखा कळल्या की तिकिटाचं गणित सुटतं.

आधी रेल्वेच्याही मागे जाऊ. तोक्यो ते क्योतो हा आजचा टुरिस्ट मार्ग मुळात चारशे वर्षं जुना रस्ता आहे. नाव तोकाइदो. तोकुगावा इएयासूने १६०१ पासून या रस्त्यावर ठरावीक अंतरावर मुक्कामाची ठाणी नेमली. एकूण ५३. एदोहून, म्हणजे आजच्या तोक्योहून, क्योतोला चालत जायला साधारण दोन आठवडे लागायचे. वाटेत नाके होते आणि तिथे परवाना दाखवावा लागे. हाकोनेच्या नाक्यावर एदोतून बाहेर पडणाऱ्या बायकांची कडक तपासणी व्हायची, कारण सरदारांच्या बायका एदोत ओलीस ठेवलेल्या असत. एखादी गुपचूप निसटली तर तो बंडाचा इशारा समजला जाई. व्हिसाच्या रांगेत कंटाळा आला की हे आठवा. हाकोनेचा तो नाका आता पुन्हा बांधून ठेवलाय, बघता येतो.

आता पहिली तारीख. १४ ऑक्टोबर १८७२, शिंबाशी ते योकोहामा, सुमारे २९ किलोमीटर. आपली बोरीबंदर ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ची, म्हणजे जपानच्या १९ वर्षं आधीची. हे सांगितल्यावर बाबांची छाती दोन इंच फुगली. जपानच्या त्या पहिल्या लाइनचा इंजिनिअर होता एडमंड मोरेल, इंग्रज. गाडी धावण्याच्या वर्षभर आधीच, १८७१ मध्ये तो वारला. वाटेतली जमीन द्यायला लष्करी खात्याने नकार दिला, म्हणून ताकानावाजवळ समुद्रातच बांध घालून त्यावर रूळ टाकले. २०१९ मध्ये तिथल्या बांधकामात तो दगडी बांध पुन्हा सापडला.

पण त्या लाइनमधला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय होता रुळांच्या रुंदीचा. आपल्याकडे ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर. जपानने घेतला १,०६७. पैसे कमी, देश डोंगराळ, आणि घाई भरपूर. आधी चालू तर करू, नंतर बघू! हे वाक्य मी ऑफिसात दर आठवड्याला ऐकतो. ते 'नंतर' मग कित्येक दशकं आलंच नाही. अरुंद रुळांवर गाडीचा वेग एका मर्यादेपुढे नेता येईना, आणि देशभर पसरलेले रूळ बदलायचे म्हणजे प्रचंड खर्च.

इथे एका बाप-लेकाची गोष्ट येते. शिमा यासुजिरो हे सरकारी रेल्वेतले इंजिनिअर. रूळ रुंद करा, असा त्यांचा आग्रह होता. पण पंतप्रधान हारा ताकाशी यांच्या पक्षाचं म्हणणं वेगळं होतं. आहेत ते रूळ रुंद करण्यापेक्षा गावोगावी नवे रूळ न्या. गावोगावी मतंही असतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. १९१९ च्या सुमारास रुंदीकरणाचा विषय बंद झाला आणि यासुजिरो नोकरी सोडून बाहेर पडले. पुढे १९४० मध्ये तोक्यो ते शिमोनोसेकी अशा वेगळ्या वेगवान लाइनला मंजुरी मिळाली, त्या कामातही ते होते. लोक त्या योजनेला 'दांगान रेश्शा' म्हणत, म्हणजे बंदुकीच्या गोळीसारखी गाडी. 'बुलेट ट्रेन' हा शब्द तिथला! युद्धामुळे ते काम थांबलं. १९४६ मध्ये यासुजिरो वारले.

त्यांचा मुलगा शिमा हिदेओ, तोही रेल्वेतच इंजिनिअर. २४ एप्रिल १९५१ रोजी योकोहामाच्या साकुरागिचो स्टेशनात तुटलेल्या ओव्हरहेड वायरमुळे लोकलला आग लागली. दारं उघडेनात, खिडक्या इतक्या लहान की माणूस बाहेर पडेना. १०६ जण गेले. त्यानंतर हिदेओंनी रेल्वे सोडली. १९५५ मध्ये राष्ट्रीय रेल्वेचे नवे अध्यक्ष सोगो शिंजी यांनी त्यांना परत बोलावलं. काम होतं तोक्यो ते ओसाका नवी लाइन बांधायचं. जुन्याला ठिगळ लावायचं नाही. रूळ रुंद, १,४३५ मिलिमीटर. फाटक एकही नाही. मालगाडी, लोकल, कोणाशीही रूळ वाटून घ्यायचे नाहीत. युद्धाआधी घेतलेली काही जमीन आणि खोदलेले काही बोगदे इथे कामाला आले. म्हणजे वडिलांची अडलेली योजना लेकाच्या हातून पूर्ण होत होती.

सोगोंनी जागतिक बँकेकडून ८ कोटी डॉलरचं कर्ज घेतलं. खर्च मात्र अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट झाला. १९६३ मध्ये सोगोंना पायउतार व्हावं लागलं, पाठोपाठ हिदेओही गेले. आणि १ ऑक्टोबर १९६४ ला, ऑलिंपिकच्या नऊ दिवस आधी, पहिली शिनकान्सेन सुटली तेव्हा उद्घाटनाला या दोघांना बोलावणंच नव्हतं. ही आपली दुसरी तारीख. त्याआधी तोक्यो ते ओसाका सर्वात वेगवान गाडीलाही साडेसहा तास लागत. ते चार तासांवर आलं, आज अडीच तासांच्या आत. आणि तेव्हापासून आजपर्यंत शिनकान्सेन घसरून किंवा धडकून एकही प्रवासी मेलेला नाही. हे ऐकल्यावर बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सिग्नलवाल्याला यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नाही."

आता 'शिन' कळलं ना? शिन म्हणजे नवं. नवी सरळ लाइन काही शहरांत जुन्या स्टेशनात शिरू शकली नाही, म्हणून शिन-योकोहामा, शिन-ओसाका. हॉटेल बुक करताना हे बघा. क्योतोला मात्र गाडी मुख्य स्टेशनातच जाते.

तिसरी तारीख १ एप्रिल १९८७. सुमारे ३७ लाख कोटी येन कर्जात बुडालेली राष्ट्रीय रेल्वे तोडून सहा प्रवासी कंपन्या आणि एक मालवाहतूक कंपनी केली. तोक्योच्या लोकल जेआर ईस्टकडे, तोक्यो ते ओसाका शिनकान्सेन जेआर सेंट्रलकडे, क्योतो-ओसाकाच्या लोकल जेआर वेस्टकडे. शिवाय मेट्रो आणि खासगी रेल्वे वेगळ्याच. २००१ मध्ये आलेलं सुईका कार्ड आज बहुतेक मोठ्या शहरांत चालतं, पण तोक्योत टॅप करून थेट क्योतोत बाहेर पडता येत नाही. शिनकान्सेनचं तिकीट वेगळं काढा. आणखी एक: भारतात घेतलेल्या अँड्रॉइड फोनमध्ये सुईका चालत नाही, प्लास्टिकचं कार्ड घ्या. आयफोनवाल्यांचं वॉलेटमध्ये होतं.

आता तुमचा मूळ प्रश्न, पासचा. सात दिवसांचा पास २९,६५० येनना मिळायचा, तेव्हा तोक्यो-क्योतो जाऊन-येऊनच तो जवळपास वसूल व्हायचा. ऑक्टोबर २०२३ पासून तो ५०,००० झाला. तोक्यो ते क्योतो एका बाजूचं रिझर्व्ह तिकीट सुमारे १४,००० येन. हिरोशिमापर्यंत जाऊन तोक्योला परत आलात तरी शिनकान्सेनचे ४०,००० च्या आसपास होतात. म्हणजे पाच दिवसांच्या पहिल्या ट्रिपला पास नको. विमान तोक्योत उतरणारं आणि ओसाकाहून परतणारं घ्या, शिनकान्सेन एकदाच लागेल. काढण्याआधी त्या दिवसाचे दर मात्र अधिकृत साइटवर बघा.

आमचा आराखडा असा. पहिला दिवस तोक्यो, शिंबाशीजवळ जुन्या स्टेशनची पुन्हा उभारलेली इमारत, मग सुईका टॅप करून लोकलने साकुरागिचो. हेच १८७२ चं मूळ योकोहामा स्टेशन, आणि १९५१ च्या आगीचंही. दुसरा दिवस ओमियाचं रेल्वे म्युझियम, तिथे जपानचं एक नंबरचं इंजिन आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी क्योतो. सीट 'ई' मागा, हवा स्वच्छ असेल तर उजवीकडे फुजी दिसेल. बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर असेल तर तिच्यासाठी ठरलेली सीट आधी बुक करावी लागते. आईने भरलेली बॅग असेल तर टेप घेऊन मोजाच! चौथा दिवस क्योतोचं रेल्वे म्युझियम, १९६४ ची शिनकान्सेन आणि १९१४ ची वाफेच्या इंजिनांची शेड, आणि बाबांच्या कोट्यातली दोन देवळं. पाचवा दिवस ओसाका आणि विमान.

आणि हा इतिहास आता आपल्याही दारात आलाय. मुंबई-अहमदाबाद लाइन ५०८ किलोमीटर, तोक्यो ते शिन-ओसाका ५१५. तंत्र शिनकान्सेनचं, रूळ १,४३५ मिलिमीटरचे, कर्ज यावेळी जपानने दिलेलं. मुंबईचं स्टेशनही सीएसएमटीला नाही, बीकेसीत जमिनीखाली आहे. खर्च वाढला, उशीर झाला, यावर आपल्याकडे भांडणं होतात आणि ती व्हायलाच हवीत, पैसा आपला आहे. पण जपानचा हिशोब बघताना दोन्ही आकडे बघा. अंदाज दुप्पट झाला हा एक. आणि साठ वर्षांत गाडी घसरून किंवा धडकून गेलेले प्रवासी शून्य, हा दुसरा. आपल्या लाइनला पहिला आकडा तर लागलाच आहे. दुसरा लागतो का, ते फाटक नसलेल्या रुळांवर आणि सिग्नलवर कुणी किती काटकसर केली यावर ठरेल.

तुमचा प्लॅन अडला असेल तर मेसेज टाका, बाबा आणि मी मिळून उत्तर देऊ. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.