संयुक्त छायाचित्र : निगेटिव्ह ते संगणक

छायाचित्र हा निर्विवाद पुरावा होय, ही समजूत इतिहासाच्या अभ्यासकाने तपासून घेणे आवश्यक आहे. कारण अनेक प्रतिमा जोडून एक चित्र घडविण्याचे तंत्र संगणकाहून बरेच जुने आहे. ऑस्कर रेलँडर यांनी १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून 'टू वेज ऑफ लाइफ' हे चित्र सिद्ध केले. १९३२ मध्ये जॉन हार्टफील्ड यांनी हिटलरच्या प्रतिमेला क्ष-किरण चित्र जोडून त्याच्या छातीत नाण्यांची चळत दाखविली. तेथे जोडणी हेच भाष्य होते. ते प्रेक्षकाला उघड दिसत होते. याउलट, १९४० मध्ये मृत्युदंड दिल्या गेलेल्या निकोलाय येझोव्हची प्रतिमा स्टालिनसमवेतच्या छायाचित्रातून पुसण्यात आली व त्या जागी पाणी दाखविण्यात आले. येथे जोडणी लपविणे हाच हेतू होता.

१९९० मध्ये फोटोशॉप बाजारात आले आणि १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत 'लेयर'ची सोय झाली. त्यामुळे पोस्टरमधील प्रत्येक प्रतिमा स्वतंत्र थरावर राहते. मात्र छपाईसाठी हे थर एकत्र केले की सांधे दिसेनासे होतात. म्हणून डिजिटल पोस्टर साधन म्हणून जतन करताना अभिलेखागारांनी छापील प्रतीबरोबर थरांची मूळ फाइलही सांभाळावी. चित्र जोडलेले आहे काय, एवढाच प्रश्न पुरेसा नाही. जोडणी कोणी व कशासाठी लपविली, हा इतिहासाचा खरा प्रश्न आहे.